बरी झाली ती चिमा

टीबी निघालेल्या बायकांना आमच्या भागातली आशाताई अधूनमधून माझ्याकडे पाठवते. म्हणते, हिला झाला होता, आता बघ कशी ठणठणीत आहे. बाई येते, समोर बसते, चहा घेते किंवा घेत नाही. मग पहिला प्रश्न विचारते तो गोळ्यांचा नसतो. "घरी कळंल का?" हा असतो.

मी खोटं सांगत नाही. कळतं. कसं कळतं आणि कळल्यावर काय होतं ते दर वेळी नव्यानं सांगून मला कंटाळा आला, तेव्हा आशाताईच म्हणाली, एकदाचं लिहून काढ. म्हणून हे लिहिलं आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती दवाखान्यात सांगतात. बाकीचं दवाखान्यात कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. माझी नावं दोन आहेत. माहेर तळेघरच्या पलीकडच्या एका वाडीत. तिथं मी चिमा, चिमा धोंडू गवारी. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं आणि वैशाली ठेवलं. वैशाली रमेश केंगले. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं एका दुपारीत बदललं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. मलाही नाही. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं होतं.

खोकला

सासरे डोंगरातून खाली अवसरी खुर्दला कामाला आले आणि तिथंच राहिले. ते गेल्यावर घर आत्याबाईंनी ओढलं. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. गावात इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू झालं तशी त्यांनी खानावळ काढली. बाहेरगावची पोरं दोन वेळा जेवायला यायची, काहींचे डबे खोलीवर जायचे. आमचे हे टेम्पोवर ड्रायव्हर. त्यांचं काम कधी असायचं, कधी नसायचं. खानावळ मात्र रोज चालायची, घर तिच्यावरच होतं. चपात्या मी लाटायची, भाजी आत्याबाई करायच्या. आमची पूनम तेव्हा तीन वर्षांची होती. ती पोरांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातलं खायची.

मला खोकला लागला तेव्हा प्रत्येकाकडे कारण तयार होतं. हे म्हणाले, पिठाची धूळ. आत्याबाई म्हणाल्या, थंड पाणी पितीस. खासगी डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, मग परत इंजेक्शन, मग सलाईन. सलाईन लावली की दोन दिवस बरं वाटायचं आणि आपण खरंच बरे झालो असं वाटायचं. संध्याकाळी अंग तापायचं. ब्लाऊजच्या बाह्या ढिल्या पडल्या, त्या मी आतून टाचल्या. मग एका सकाळी मोरीत थुंकले तर त्यात लाल दिसलं. ह्यांनी काम बुडवलं आणि मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

थुंकीची डबी दिली, परत बोलावलं, एक्स-रे काढला. निकालाच्या दिवशी आम्ही सकाळी जाऊन बसलो. डॉक्टर एकच आणि समोर जत्रा. मध्येच अडलेली बाई आली, डॉक्टर उठून गेले. परत येऊन बसतात तोच कुणाच्या तरी पायावर कोयता बसलेला, परत उठले. दुपार कलली तेव्हा माझा नंबर लागला.

"टीबी आहे," ते म्हणाले. "सरकारी गोळ्या फुकट मिळतात. नीट घेतल्या तर पूर्ण बरी होशील. मधेच सोडल्यास तर..."

तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. पुढचं वाक्य मी घरी जाईपर्यंत निरनिराळ्या प्रकारांनी पुरं करत होते.

मेले तर काय, हा विचार आधी आला असेल असं लोकांना वाटतं. मला पूनमचा आला. सकाळीच तिला माझ्या तोंडातला घास भरवला होता. तिला दुसऱ्या दिवशी तपासून आणली. तिला काही नव्हतं. तेव्हा मात्र मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि ह्यांना वाटलं मी माझ्यासाठीच रडतेय.

चुलीत

आत्याबाई ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. पोळपाट बाजूला ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "कुनाकुनाला म्हाईत हाय?"

"कुनाला न्हाई," हे म्हणाले.

"मंग कुनाला कळू द्यायचं बी न्हाई. पोरं उद्यापास्नं यायची न्हाईत."

गावातल्या उपकेंद्रात माझ्या नावाचा गोळ्यांचा डबा आला होता. दिवसाआड तिथं जाऊन, सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या. मला एक कार्ड मिळालं होतं, त्यावर दर वेळी खूण करायचे. मी काही आठवडे तशा गोळ्या घेतल्या. पण उपकेंद्रात कायम चार बायका बसलेल्या. इकडं ये, तिकडं जा, कशाला आलीस, सगळ्यांना उत्तरं द्यायची. आत्याबाईंचा जीव वर-खाली व्हायचा. एक दिवस पाणी तापवायच्या चुलीत त्यांनी ते कार्ड घातलं.

"आत्याबाई, त्याच्यावर लिवत्यात गोळ्यांचं!"

"गोळ्या डोक्यात ठिव. हितं पोरं हात धुवायला येत्यात, कागदं वाचत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू म्हायेरी जा. तिथं बी दवाखाना हाय. आराम व्हईल, हवा बी चांगली. पोरीला हितं राहू दे, तिला लागायला नको."

बाळंतपण आणि आजारपण माहेरचं, ही आमच्याकडची रीत आहे. त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. सुनेनं सासरी पडून राहायचं आणि सासूनं तिचं करायचं, हेच उलट चमत्कारिक वाटतं. उपकेंद्रात सांगून जायला त्यांनी सोडलं नाही. मी दुसऱ्या दिवशी निघाले. पूनम झोपली होती, तिला उठवू दिलं नाही.

नाव

तळेघरपर्यंत एसटी आणि पुढं चालत. एरवी मी ती वाट गप्पा मारत चढायची. त्या दिवशी दर वळणावर बसले. तळेघरला घ्यायला आलेला बा माझी पिशवी घेऊन पुढं जायचा, मागं वळून बघायचा, परत खाली यायचा. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळं माहेर म्हणजे बा, भाऊ आणि वहिनी.

दुसऱ्या दिवशी बानं मला आरोग्य केंद्रात नेलं. तिथली सिस्टर जुनी, सगळ्या वाड्यांतल्या माणसांना तोंडानं ओळखणारी. मी तोंडावर पदर धरून खोकत होते. तिनं नोंदवही ओढली आणि विचारलं, "नाव?"

"चिमा," बा म्हणाला. "चिमा धोंडू गवारी."

"ते म्हाईत हाय मला," सिस्टर म्हणाली आणि लिहून घेतलं. मग मला विचारलं, "आधी कुठं गोळ्या घेतल्या व्हत्या का?"

"खाली घेतल्या. थोडे दिस."

"कार्ड?"

"जळालं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात लसीकरणाची पोरं आणि त्यांच्या आया उभ्या होत्या, निम्मी पोरं आताच रडायला लागलेली. "बरं," ती म्हणाली, "नव्यानंच सुरू करू."

इथं चूक झाली, पण कुणाची म्हणायची? माहेरी आलेल्या पोरीला सासरच्या नावानं कुणी हाक मारत नाही. मारली तर ती परकी झाल्यासारखी वाटते. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, तरी वैशाली हे नाव त्या डोंगरात कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. सिस्टरच्या वहीत चिमा आली, तिच्या नावाचा नवा डबा आला. खालच्या उपकेंद्रात वैशालीचा डबा तसाच पडून राहिला.

दिवसाआड

गोळ्यांविषयी एवढंच सांगते, की सुरुवातीला वाटतं आजार बरा पण औषध नको. लघवी लाल होते, मी घाबरून वहिनीला दाखवली होती. ती औषधाचीच असते, घाबरू नका. उलट्या होतात. उपाशीपोटी गोळ्या गिळून भर उन्हात परत चालत यायचं म्हणजे रडू यायचं. सिस्टरनं हे बघितलं. मग आधी तिच्या डब्यातली अर्धी भाकरी मला खायला लावायची, मग गोळ्या, मग तपासणीच्या बाकावर थोडा वेळ आडवं व्हायला सांगायची. बाकावर कुणी पेशंट आला की उठायचं, गेला की परत आडवं. तिनं हे उपकार केल्यासारखं कधी दाखवलं नाही. तिला तेवढा वेळच नव्हता.

केंद्रात डॉक्टरची जागा बहुतेक दिवस रिकामी असायची. सिस्टर पोलिओला जायची, सर्व्हेला जायची, मीटिंगला तालुक्याला जायची. आली की लिहीत बसायची. त्याच सुमारास तालुक्याच्या दवाखान्यात पेशंटांच्या नोंदींसाठी कम्प्युटर आला.

"आता सगळं तिथं जानार," ती म्हणाली. "कागद कमी व्हईल म्हनत्यात."

"मंग चांगलंच की."

"आदी एक वही भरत व्हते. आता वही भरते आनि त्यांच्यासाठी छापील कागद येगळा भरते. मानसं बघू का कागद बघू?" असं म्हणून ती हसली, पण डोळे चोळत हसली.

घरी वहिनीनं माझं ताट वेगळं ठेवलं. मला वाईट वाटलं, पण तिची दोन लहान पोरं होती, मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. बा मात्र ऐकायचा नाही. माझ्या ताटात उरलेली नाचणीची भाकरी तो उचलून खायचा. मी ओरडायची, "बा, लागंल तुला!" तर म्हणायचा, "आता या वयात मला काय लागायचं ऱ्हायलंय?"

वाडीच्या वर एका कातळावर गेलं की भावाच्या मोबाईलला रेंज यायची. तिथून मी घरी फोन लावायची. पूनम पहिल्यांदा खूप बोलायची, आई कवा येशील, कवा येशील. मग नुसतं "हं" म्हणायला लागली. मग हे सांगायचे, ती खेळतीय, येत न्हाई म्हनती. मी कातळावर तशीच बसून राहायची. खाली उतरायला नको वाटायचं.

ताप गेला. भूक लागायला लागली. बाह्यांची टाचण उसवली. बरं होणं असं हळूच आलं, त्याची तारीख मला सांगता येणार नाही.

पंगतीत

हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, ह्यांनी फोनवर सांगितलं तसं लिहिते.

दुपारी पोरं जेवायला बसली होती. एक आरोग्यसेवक मोटरसायकलवरून उतरला. हातात छापील यादी. वैशाली नावाच्या बाईनं गोळ्या मधेच सोडल्या, असं कम्प्युटरनं दाखवलं होतं आणि अशा माणसांना शोधून काढायचं त्याला काम लागलं होतं. त्याच्याकडं कितीतरी गावं, ऊन डोक्यावर, माणूस थकलेला. त्यानं दारातूनच विचारलं.

"वैशाली केंगले हितंच ऱ्हात्यात ना? टीबीच्या गोळ्या सोडल्यात त्यांनी. लई धोका असतो आजी, घरातल्या सगळ्यांस्नी. कुठंयत त्या?"

पोरांचे हात ताटात तसेच राहिले. एकानं ताट तसंच सारलं आणि उठला. आत्याबाई म्हणाल्या, ती म्हायेरी औषध घेतीय, सोडलं न्हाई. आरोग्यसेवक म्हणाला, तसं असंल तर तसं दिसलं असतं. त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्या कागदावर तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली नाहीत. डबे बंद झाले. कुणी म्हणालं परीक्षा आहे, कुणी म्हणालं गावी चाललोय, काकू. चार-पाच पोरं तेवढी येत राहिली. आत्याबाईंनी एवढ्या वर्षांत उभं केलेलं एका दुपारीत बसलं, आणि तेही मी एकही गोळी चुकवली नसताना.

शेवटची थुंकी तपासून झाली. सिस्टरनं मला समोर बसवून सांगितलं, "साफ हाय. झालीस तू बरी." कागदावर लिहून दिलं. बा गुळाची ढेप घेऊन आला आणि त्यानं केंद्रात सगळ्यांना गूळ वाटला. मी त्याच संध्याकाळी कातळावर गेले आणि फोन लावला. उद्या निघते म्हणून सांगायचं होतं.

आत्याबाईंनी फोन घेतला. "कागद दिलाय का?"

"दिलाय."

"कुनाच्या नावचा?"

मी कागद बघितला. "चिमाच्या."

"गावात चिमा कुनाला म्हाईत हाय? आजारी वैशाली हाय. मी पोरांना काय दाखवू, दुसऱ्याच बाईचा कागद? वैशालीचा आन. तवर ऱ्हा तिथंच. पोरगी बी तवर माझ्यापाशी."

मला राग आला. अजून येतो. त्यांचं पोट जात होतं हे मला कळत होतं आणि तरी राग येत होता. आठ महिने लेकरापासून लांब राहून, दिवसाआड तोंड धरून गोळ्या गिळून बरी झाले, आणि बरी झाली ती दुसरीच कुणीतरी.

खिडकी

ह्यांना मी तालुक्याच्या दवाखान्यात बोलावलं आणि स्वतः वरून एसटीनं गेले. नोंदींची खिडकी वेगळी होती. आत कम्प्युटरसमोर एक मुलगी बसलेली, कंत्राटी, नुकती कॉलेजमधून आलेली. तिनं दोन्ही नावं टाकून बघितली.

"वैशाली रमेश केंगले, उपचार सोडले. चिमा धोंडू गवारी, बरी झाली."

"दोघी मीच हाय."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "इथं दोन नंबर आहेत, ताई."

"नंबर दोन असतील. मी एकच हाय की."

"हो, पण हे जिल्ह्याला गेलंय. इथून मला पुसता येत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं काही आहे का तुमच्याकडे? एखादा कागद?"

आम्ही पिशवीतलं सगळं काढलं. शाळेच्या दाखल्यावर चिमा. रेशनकार्डावर वैशाली. हे लग्नपत्रिकाही घेऊन आले होते, तिच्यावर चिमाच, कारण पत्रिका छापतात तेव्हा नवं नाव ठेवलेलं नसतं. लग्नाची नोंद आमच्यात कुणी करत नव्हतं. चिमाचे कागद होते, वैशालीचे होते, पण दोघींना जोडणारा कागद घरात एकही नव्हता.

"तुमच्यासारख्या खूप आहेत," ती मुलगी म्हणाली. "पहिलटकरणी सासरी नाव नोंदवतात आणि बाळंत व्हायला माहेरी जातात. इथं त्या गायबच होतात. वरून मला विचारतात, एवढ्या बायका जातात कुठं?"

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला. इन्व्हर्टर होता, पण तो लसींच्या फ्रीजला. "आता लाईट आल्यावर," ती म्हणाली आणि मला बसायला स्वतःचा स्टूल बाहेर काढून दिला. त्या दिवशी लाईट आलीच नाही.

पुढच्या खेपेला लाईट होती तर डॉक्टर पोस्टमॉर्टेमला गेलेले. त्याच्या पुढच्या खेपेला ते शिबिरात. हे वैतागून खिडकीवर ओरडले, तर मागचा एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, तुमची बाई बरी झालीय, माझी आत पडलीय. जरा दमानं घ्या." त्याचं बरोबर होतं. हे खिडकीवरून बाजूला झाले.

शेवटी डॉक्टर भेटले. तेच, ज्यांनी मला आजार सांगितला होता. त्यांना मी आठवत नव्हते. रोज एवढी माणसं बघणाऱ्यानं लक्षात तरी कुणाकुणाला ठेवायचं? त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"उद्या दुसरी कुणी येईल, म्हणेल तिचा कागद माझ्या नावावर करा. मी कसं ओळखायचं? तुमच्या मिस्टरांचं धरता येत नाही, त्यांनाच कागद हवाय. माहेरचं कुणी आहे का, जे सांगेल की ही आमची मुलगी आणि हीच त्या घरची सून?"

"बा हाय माझा."

"त्यांना घेऊन या. आणि थुंकी परत द्या, मी एकदा बघतो."

बाला विचारलं

बा पहिल्या गाडीनं आला. धुतलेली टोपी, पायात भावाच्या चपला. दिवसभर थांबलो. डॉक्टरांनी दुपारनंतर आत घेतलं. थुंकीचा निकाल त्यांच्यासमोर होता, साफ होता.

"बाबा, ही कोण?"

"माझी पोरगी."

"नाव काय?"

"चिमा."

"आणि सासरचं नाव?"

बानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तर डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. बानं टोपी काढली, परत घातली.

"हाये की," तो म्हणाला. "चांगलं नाव हाय कायतरी."

"काय?"

"आता लग्नात ठिवलं व्हतं सायेब. मी पंगतीकडं व्हतो, वाढप्यांच्या मागं. आमी चिमाच म्हन्तो."

ह्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं गेलं असं वाटलं, आणि बाचा एवढा राग आला की काय सांगू. आठ महिने माझं उष्टं खाल्लेला माणूस, आणि त्याला माझं नाव माहीत नाही.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले आणि हसायला लागले. आवाज न करता, डोळे मिटून, खूप दमलेला माणूस हसतो तसे.

"पढवून आणला असता तर नाव पाठ असतं," ते म्हणाले. "असू दे. हा खरा बाप आहे."

त्यांनी पेन उघडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, की चिमा धोंडू गवारी आणि वैशाली रमेश केंगले ही एकच व्यक्ती असून मी तिला स्वतः तपासलं आहे, तिचा उपचार पूर्ण झाला आहे आणि तिच्यापासून कुणाला धोका नाही. सही केली, शिक्का मारला.

"आनि कम्प्युटरात?" ह्यांनी विचारलं.

"वर लिहून पाठवतो. होईल तेव्हा होईल." पुढचा पेशंट दारात आलाच होता.

स्टँडवर बा गाडीची वाट बघत उभा होता. मग म्हणाला, "मंग काय हाय नाव तुझं?"

"वैशाली."

"वैशाली," त्यानं म्हणून बघितलं. "चांगलं हाय." गाडी लागली, तो चढला, आणि खिडकीतून ओरडला, "चिमे, नीट जा गं!"

घरी

आत्याबाईंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि जेवायला बसलेल्या एका पोराला दिला. तो न तुटलेल्या चार-पाचांतला. त्यानं वाचून दाखवलं. "परत वाच, मोठ्यांदा," त्या म्हणाल्या, कारण शेजारीण ओट्यावर होती. त्यानं परत वाचलं. मग आत्याबाईंनी तो कागद खानावळीच्या भिंतीवर, पोरांना दिसेल असा चिकटवला. काही पोरं नंतर परत आली, काही आली नाहीत.

"मी काय तुझी वैरीन न्हाई," भिंतीकडंच बघत त्या म्हणाल्या. "पर पोटावर आलं ना गं."

पूनम आतल्या दारात उभी होती. उंची वाढली होती. तिनं फ्रॉक दोन्ही हातांनी वर उचलून नाका-तोंडावर गच्च दाबला होता, खाली पोट उघडं. डोळे तेवढे दिसत होते.

"ये की," मी म्हणाले.

"आजी म्हनली, आईपाशी जायचं तर तोंड झाकून," ती फ्रॉकच्या आतून म्हणाली, आणि जवळ आली नाही.

भिंतीवरचा कागद तिच्या डोक्याच्या वरच होता. सही-शिक्क्याचा, माझ्या दोन्ही नावांचा. तिला वाचता येत नव्हतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि बसून राहिले. तिचे हात दुखायला लागले तसा तिनं एक हात सोडला, मग दुसरा.